नळीचं दुसरं तोंड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्याला सांगायचं होतं तो भास्कर या उन्हाळ्यात गेला, म्हणून आता तुम्हाला सांगतो — उशीर झालाय, ठाऊक आहे.

आम्ही दोघं नांदुऱ्याचे, आणि कामाला एकाच इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बुलढाण्याला. काचेचं कापड आणि वाळून कडक होणारं चिकट रेझिन यांचे थरावर थर देऊन आम्ही कंपोझिटच्या फळ्या करायचो. भास्करच्या डोक्यात आलं, की या थरांमध्येच केसासारखी ऑप्टिकल फायबर पेरायची. मग फळी किती ताणली, किती तापली, ते आतूनच कळेल. अडचण एकच होती — फळी ताणली काय अन् तापली काय, फायबर एकसारखंच उत्तर देते. मग ओळखायचं कसं? त्यासाठी शेजारी दुसरी फायबर, बारीक नळीत मोकळी सोडलेली. तिला ताण पोचत नाही, फक्त गरमी कळते. पहिलीतून ती वजा करायची. उरतो तो ताण.

"हे मोकळी म्हंजे घरजावई होय बे," भास्कर म्हणायचा. "वजन उचलत नाही. किती गरम होऊन राह्यलं, तेवढं बसल्या बसल्या सांगते."

नळीत रेझिन शिरू नये म्हणून तिची दोन्ही तोंडं मेणाने बंद करायची असत. ते काम माझं. एक बंद केलं, दुसरं विसरलो. विसरण्याचं मी काही म्हणत नाही, विसरतो माणूस. पण पुढे?

फळी कडक झाल्यावर कडा साफ करताना मला ते तोंड दिसलं. आत रेझिन — चकचकीत, गोठलेलं. म्हणजे मोकळी फायबर आता मोकळी नव्हती; तिलाही ताण पोचणार होता. भास्कर पलीकडच्या टेबलावर होता, हाक मारली की ऐकू जाईल इतका जवळ. मी कड कानशीने घासली, वर रंगाचा हात मारला आणि फळी त्याच्या हातात दिली.

चाचणीला बाहेरगावचे पाहुणे आले होते. फळीवर वाळूची पोती ठेवली. ती डोळ्यांना दिसेल इतकी वाकली, आणि पडद्यावर ताण जवळजवळ नाहीच. उलट फळी तापल्याचं दिसत होतं — सावलीत ठेवलेली फळी.

"फळीले ताप आला काय हो?" मागून कुणी तरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

भास्करने सगळं गणित पुन्हा पुन्हा मांडलं. मी त्याला चहा नेऊन देत असे. शेवटी त्याने नोकरीच सोडली आणि नांदुऱ्याला वडिलांच्या गुरांच्या सरकी-ढेपेच्या दुकानात बसला. मी जात राहिलो, वर्षानुवर्षं. तो ढेपेचे भाव सांगायचा, गुडघ्यांचं सांगायचा. मी वाट बघायचो — एकदा तरी त्या घरजावयाचं नाव काढेल. का वाट बघायचो? तो तेव्हाचा भास्कर हवा होता मला. तो ज्या दिवशी हरवला, त्या चाचणीच्या दिवशी मीच तिथे उभा होतो ना?

गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ढेपेचा वास, बाहेर कुठेतरी गाडीची शिट्टी. तो एकाएकी म्हणाला, "सांग ना बे नाऱ्या, कुठी चुकलो असन मी?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्याने. आणि मी काय म्हणालो?

"जाऊ दे न बे. गरमीचा हिशोब नसन जमला."

"हाव," तो म्हणाला. "थेच असन." आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

अजूनही स्टँडवर नांदुऱ्याची गाडी लागलेली दिसली की पाय तिकडे वळतात. पायरीपाशी जाऊन थांबतात.

भास्करचं गणित बरोबर होतं. वजाबाकीही बरोबर होती. नळीचं दुसरं तोंड मी उघडं ठेवलं होतं, आणि तो विचारत होता तेव्हा ते मला माहीत होतं.