बटणांशिवाय डेअरी

कारखान्यातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कामाच्या गडबडीत त्यांच्याकडे लक्षही जात नाही. मग काही वर्षांनी कुणीतरी सहज विचारतं, "स्कॉटलंडहून शिकून आलीस आणि लखनौच्या डेअरीत नक्की केलंस काय?" आपण एक सांगायला जातो आणि त्यामागोमाग चार येतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अमौसीजवळच्या एका डेअरीत मला नोकरी लागली होती. तिथे हॉलमध्ये भिंतभर लोखंडी पॅनल होतं, त्यावर हिरवी-लाल बटणं, आणि समोर वीस वर्षं उभे असलेले तिवारीजी. माझं काम असं, की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कच्या केबलने कंट्रोलरला कमांड पाठवायची. कंट्रोलर म्हणजे बुटांच्या खोक्याएवढी पेटी. तिला सांगितलं की ती पंप चालवते, वॉल्व उघडते. चाचणी नीट झाली की पॅनल निघणार होतं आणि तिवारीजी गेटवर जाणार होते, गाड्यांचे पास तपासायला.

मला ही त्यांची सुटका वाटायची. माणसाने आयुष्य वाफेत आणि आवाजात का काढावं? हे मी त्यांनाही कळकळीने सांगितलं होतं. ते म्हणाले, "जी, बिल्कुल."

*

पहिली कमांड अगदी साधी होती. पॅनलवरचा एक दिवा लावायचा. मी ऑफिसातून कमांड पाठवली आणि इंटरकॉमवर विचारलं, लागला का? तिवारीजी म्हणाले, जी, लागला. मग विझवायची कमांड. विझला? जी, विझला. मी दहा वेळा लावला, दहा वेळा विझवला. विकास नगरला घरी जाताना पेढे नेले.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की केबलचं टोक कंट्रोलरमध्ये खोचलेलंच नव्हतं. मी तणतणत हॉलमध्ये गेले. तिवारीजींनी शांतपणे माझ्यासाठी स्टूल पुसलं.

"बिटिया, आपने इतने मन से पूछा था। मना कैसे करते?"

*

मग कमांड पोचायला लागल्या, पण भलत्याच ठिकाणी. पाच नंबरचा वॉल्व उघड म्हटलं की सहा नंबरचा उघडायचा. नशीब, की चाचणी पाण्यावर चालली होती. जोगळेकरसाहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, मूळचे साताऱ्याचे. ते नेमके सहा नंबरच्या पाइपाखाली उभे होते. नखशिखांत भिजून ते एवढंच म्हणाले, "अगं यार, निदान गरम पाणी तरी सोडायचंस."

दोन दिवस मी प्रोग्राम उलटापालटा केला. शेवटी उलगडा झाला. माझा प्रोग्राम एकपासून मोजत होता आणि कंट्रोलर शून्यापासून. त्याच्या हिशेबात आमचा पहिला वॉल्व शून्य नंबरचा होता. हे मी तिवारीजींना फळ्यावर चित्र काढून समजावलं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग हॉलभर नजर फिरवून म्हणाले, वीस वर्षांत शून्य नंबरचा वॉल्व कधी दिसला नाही. दिसला तर आधी तुम्हालाच कळवतो.

*

पंपाचा किस्सा मात्र मला अजून लाजवतो.

मी पंपासाठी एकच कमांड ठेवली होती. बंद असेल तर चालू होईल, चालू असेल तर बंद होईल. लिहायला सोपी. शिवाय उत्तर आलं नाही तर प्रोग्राम तीच कमांड पुन्हा पाठवायचा. एकदा नेटवर्क मंदावलं. कमांड पोचत होती, पण उत्तर उशिरा येत होतं. प्रोग्रामला वाटायचं पोचलीच नाही, म्हणून तो परत पाठवायचा. तिकडे पंप चालू, बंद, चालू, बंद. बिचारा उचकी लागल्यासारखा करत होता.

तिवारीजींनी पॅनलवरचं लाल बटण दाबून तो थांबवला. मग मला हॉलच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, जरा बघा. त्यांनी आधी मोठ्याने हाक दिली, "चला रहे हैं!" आणि ते थांबले. पंपाजवळच्या माणसाने वळून पाहिलं, बाजूला झाला आणि ओरडला, "चलाइए!" त्यानंतरच त्यांनी हिरवं बटण दाबलं.

"एक बार कहिए, फिर जवाब तक ठहरिए।"

मी ऑफिसात आले आणि ती कमांड पुसली. 'चालू कर' वेगळी, 'बंद कर' वेगळी. 'चालू कर' दहा वेळा पोचली तरी पंप चालूच राहील. उत्तरासाठी थांबायचा वेळही वाढवला. हे मला कॉलेजातही शिकवलं होतं. पण तिथे पंपाजवळ कुणी उभं नव्हतं.

*

घरी मी हे सगळं रंगवून सांगायचे. आई हसायची. धाकटा भाऊ सुहास इथेच वाढलेला; मराठी त्याला सगळी कळते, बोलतो मात्र हिंदीच. एकदा जेवताना मी गेटवरच्या नोकरीचे फायदे सांगत होते. सावली, खुर्ची, बाराही महिने दिवसपाळी.

सुहासने पोळी मोडत विचारलं, "दीदी, उनसे पूछा?"

मी म्हटलं, ते बिल्कुल म्हणाले.

"वो तो बल्ब के लिए भी बोले थे।"

आईने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. मला राग आला होता, आणि तो सुहासचा नव्हता. दुसऱ्या दिवशी तिवारीजींना विचारायचं असं ठरवून मी गेले. ते पॅनलची बटणं एकेक करून कपड्याने पुसत होते. मी विचारलं नाही.

*

मग हेड ऑफिसचे साहेब येण्याचा दिवस उजाडला. पॅनल काढायचं की ठेवायचं, ते त्याच दिवशी ठरणार होतं. जोगळेकरसाहेबांनी सकाळपासून सगळी डेअरी घासायला लावली होती. ऑफिसात माझ्या खुर्चीमागे तीन साहेब उभे. मी दोन नंबरच्या टाकीतला ढवळायचा पंखा चालवून दाखवणार होते. तिवारीजींनाही तसंच सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात मोठे साहेब म्हणाले, ठरवलेलं तर कुणीही दाखवेल, तीन नंबर चालवा.

मी स्क्रीनवर पाहिलं. तीन नंबरच्या टाकीत फूटभर पाणी दिसत होतं, बाकी सगळं ठीक. मी कमांड पाठवली. कंट्रोलरचं उत्तर लगेच आलं: मिळाली, चालू केलं. पण पंखा फिरत असल्याची खूण येईना. मी पुन्हा पाठवली. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा पाठवली. मागे कुणीतरी घसा खाकरला.

मी उठून हॉलमध्ये गेले. साहेब माझ्या मागोमाग आले.

तीन नंबरच्या टाकीचं मॅनहोलचं झाकण उघडं होतं. शिडीखाली रबरी चपलांचा एक जोड होता. आतून ब्रशने घासल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी गुणगुणत होतं. शेजारी स्टुलावर तिवारीजी बसले होते. आम्हाला बघून ते उठले.

"बस पाँच मिनट, साहब। अंदर आदमी है।"

तीनदा पाठवली होती मी. स्क्रीनवर फूटभर पाणी होतं आणि टाकी कोरडी होती.

तिवारीजींनी शर्टाच्या खिशातून तीन फ्यूज काढून दाखवले. पॅनलच्या खालच्या कप्प्यातले, तीन नंबरच्या मोटरचे. कुणी टाकीत उतरलं की ते काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, आणि तो माणूस बाहेर येऊन चपला घालेपर्यंत परत लावायचे नाहीत. वीस वर्षं असंच. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी तर कधी विचारलंच नव्हतं.

माणूस बाहेर आला. चपला घालून, साहेबांना नमस्कार करून निघून गेला. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"मैडम, आपका प्रोग्राम तो ठीक चला। कमांड पहुँची, जवाब आया। तो यह पैनल हटवा दें?"

जोगळेकरसाहेब माझ्याकडे बघत होते. तिवारीजी माझ्याकडे बघत नव्हते.

मी म्हटलं, तीन नंबरमध्ये पाण्याची उंची मोजणारा सेन्सर खोटं बोलतोय, आधी तो आत जाऊन बघायला हवा. साहेब म्हणाले, बघा ना, कुणाला तरी पाठवा. मी सँडल काढले, शिडीखाली ठेवले आणि चढले. झाकणातून आत उतरले. आत अंधार होता. पंख्याचं पातं माझ्या कमरेला लागत होतं.

मी आतूनच हाक दिली, "तिवारीजी, मैं अंदर हूँ।"

आणि उत्तरासाठी थांबले.

"जी, बिटिया। जेब में हैं।"