शून्याच्या वर दोन

आमच्या भूगोलाच्या बाई जगातल्या सगळ्या माहितीचे दोनच भाग करायच्या. पाहिलेलं आणि वाचलेलं. "शिप्रेला पूर आला की राम घाटावरची देवळं पाण्यात जातात, हे पाहिलेलं. समुद्राचं पाणी खारट असतं, हे वाचलेलं." चाळीस मुलींसमोर एखादी शिक्षिका असं कबूल करते, याचं आम्हाला तेव्हा हसू यायचं.

उज्जैन कर्कवृत्ताला अगदी लागून. जूनच्या सुट्टीत बाई आम्हाला माधव नगरातल्या त्यांच्या गच्चीवर बोलवायच्या आणि भर दुपारी उन्हात उभं करायच्या. सावली पायाशी गोळा होत होत नाहीशी झाली की आमच्याइतक्याच त्याही चकित. "गेली गं! दरवर्षी जाते, तरी मला दरवर्षी वाटतं, या खेपेला नाही जाणार."

आठवीत त्यांनी एकदा विचारलं, बर्फ पडायला किती थंडी लागते? आम्ही सगळ्या ओरडलो, "शून्य!"

"चूक. बर्फ तयार होतं वर ढगात. खाली शून्याच्या वर दोन-तीन अंश असले तरी वितळायच्या आत ते जमिनीवर पोचतं. आणि फार कडाक्याच्या थंडीत उलट कमी पडतं, कारण तेवढ्या गारठलेल्या हवेत बाष्पच फारसं राहत नाही. बर्फालासुद्धा थोडी ऊब लागते, मुलींनो." मग खडू खाली ठेवून जरा हळू आवाजात, "हे वाचलेलं."

पुढे मी बँकेत लागले, बाई रिटायर झाल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. धाकट्या भावंडांचं करता करता राहून गेलं, असं आई सांगायची. मग त्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, असं इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या टीव्हीला नाक लावून बसल्या होत्या. गल्लीत नुकतीच केबल आली होती आणि कुठल्याशा परदेशी चॅनलवर बर्फ पडत होतं.

"मंजू, हे पांढरं खरंच पडतंय, की माझे डोळे?"

"बर्फ आहे, बाई."

"मला एकदा घेऊन चल. नजर आहे तेवढ्यात."

जानेवारीत रजा टाकून मी त्यांना मनालीला नेलं. सामानात स्वेटरच्या घडीत गुंडाळलेला थर्मामीटर होता. तीन दिवस लख्ख ऊन पडलं आणि रात्री नळ गोठले, पण आभाळातून काही पडेना. लॉजचा म्हातारा मालक म्हणाला, "ऐसी सूखी ठंड में नहीं गिरती, माताजी. मौसम जरा नरम होने दो." मी हिरमुसले. बाई मात्र खूष. "बघ, यांना कुणी शिकवलं? हे तर इथे राहून कळलंय!"

चौथ्या दिवशी ढग आले, गारठा जरा कमी झाला आणि दुपारी चक्क पाऊस सुरू झाला. पत्र्यावर ताडताड वाजत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची परतीची बस. मी बॅग भरत होते आणि मला रडू येत होतं. बाई रजई पांघरून पलंगावर बसल्या होत्या. जरा वेळाने आवाज थांबला.

"थांबला एकदाचा पाऊस," मी म्हटलं.

बाईंनी बोट वर केलं. "पाऊस असा विझत नाही. दार उघड."

बाहेर पिंजलेल्या कापसाचे पुंजके उतरत होते. इतके, आणि इतके निःशब्द, की समोरचा डोंगर दिसेना. बाई अंगणात जाऊन उभ्या राहिल्या, तोंड वर करून. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. असेल थोडा हलता उजेड. "काय दिसतंय ते मला सांग. घाई करू नकोस." मी हातावर एक पुंजका झेलला. "बाई, सांगता येत नाही हो." त्या हसल्या आणि साठी ओलांडलेल्या आमच्या बाईंनी लहान मुलीसारखी जीभ बाहेर काढली.

"थर्मामीटर बघ."

"शून्याच्या वर दोन."

बाईंनी हात जोडले. महाकालाच्या गावात जन्म काढून त्या देवळात क्वचितच जायच्या. कुणाला हात जोडले, ते मी विचारलं नाही. त्यांच्या पापण्यांवर बर्फ साचत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

त्यानंतर दीड वर्षात नजर पूर्ण गेली. रविवारी सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवायला जाऊ लागले. त्या गेल्या त्या आठवड्यापर्यंत जात होते. एकदा न राहवून मी म्हटलं, "बाई, आपण आणखी पाच वर्षं आधी जायला हवं होतं. डोळे चांगले असताना."

"डोळे धड असते तर मी खिडकीत बसून ढगच बघत राहिले असते," त्या म्हणाल्या. "पत्र्यावरचा तो आवाज कधी गेला, ते कळलंच नसतं."

त्यांनी पेपरच्या दिशेने हात केला. "हं, पुढची बातमी वाच."