पिठाच्या डब्यातला खलबत्ता आणि पितळी डबी

ऑटमार क्यूस्टर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, हेडविगचे यजमान. घड्याळजीचा मुलगा, बोटं विलक्षण हलकी. डॉक्टरेट मिळवून लान नदीकाठच्या आमच्या गावी, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते प्रयोग करत. प्राध्यापक व्हायचं तर स्वतःचं एक मोजमाप पुरं करून छापायला हवं होतं. ते सात वर्षं चाललं होतं.

त्यासाठी स्वतः घडवलेली एक पितळी डबी होती. आत सोन्याच्या वर्खाची पट्टी टांगलेली. प्रकाश पडला की वर्ख हले, आणि किती हलला ते भावोजी सूक्ष्मदर्शकातून वाचून वहीत लिहीत.

युद्ध चालू होतं; १९१७च्या हिवाळ्यात प्रयोगशाळेतला शेकोटीचा कोळसा संपला. डबी आमच्या स्वयंपाकघरात आली. आम्ही रोज सलगम उकडत असू. भावोजींची नोंद चालली की झाकणसुद्धा वाजवायचं नाही.

"अठराच नोंदी राहिल्यात," ते म्हणाले, "ईस्टरपर्यंत होतील."

तेवढ्यात सरकारी पत्रक आलं. तोफगोळ्यांसाठी घरातलं तांबं-पितळ जमा करा, आधी यादी द्या. भावोजी लिहायला बसले. किटली, दाराच्या मुठी, खलबत्ता.

"खलबत्ता?" ताई ओरडली. "तो मी पिठाच्या डब्यात लपवलाय!"

"कुठे लपवलास, ते नाही लिहिलं."

मग त्यांनी डबीही लिहिली. ताईचा चेहरा उतरला. "अहो, प्रयोगशाळेच्या वस्तूंना माफी आहे ना?"

"प्रयोगशाळेत असलेल्या. ही घरात आहे."

"भावोजी, कोण बघायला येतंय?" मी म्हटलं.

"सात वर्षं दिसलं तेच लिहिलं. आज एक ओळ खोटी लिहिली, तर मागच्या कुठल्या ओळीवर भरवसा ठेवू?"

माफीसाठी अर्ज मात्र त्यांनी केला. उत्तर आलं नाही. जमा करायच्या दिवशी, नियमाप्रमाणे, त्यांनी डबीचे पोलादी स्क्रू काढले, पितळ पुसलं. वर्ख बोटाला चिकटला आणि विरून गेला.

"छान चकचकीत ठेवलीत हो, डॉक्टरसाहेब!" कारकून म्हणाला, आणि डबी मुठींच्या ढिगात फेकली.

युद्धानंतर दुसऱ्याच गावच्या कुणीतरी तेच मोजमाप छापलं. भावोजी मुलींच्या शाळेत शिक्षक झाले, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

अर्जाचं उत्तर डबी गेल्यावर, मे महिन्यात आलं होतं. माफी मंजूर. तो कागद त्यांनी वहीत ठेवला, जिथून अठरा ओळी कोऱ्या होत्या तिथे.