सावंतकाकांचे कान

कोणी गेल्याची बातमी आली की सावंतकाका आधी विचारायचे, "नक्की ना? हाक मारून बघितलीत?" ओमानमधल्या दार्सैतच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा व्हायची. शेजारच्या वहिनींचे चुलत सासरे गेले तेव्हा तर वहिनी रडायच्या थांबून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मीही हसायचो.

काका कुडाळचे, मी नागपूरचा. मी दिसलो की "काय इंजिनियर, जयभीम!" अशी आरोळी ठोकायचे. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि माझं ऑफिस त्याच वाटेवर, अझैबाला, त्यामुळे त्यांना त्यांच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, बंगल्यावर सोडणं-आणणं माझ्याकडे. हे अर्बाब म्हणजे एके काळी सरकारात फार मोठ्या पदावर असलेले ओमानी गृहस्थ. निवृत्तीनंतरही लोक त्यांच्याकडे सल्ल्याला यायचे. काका त्यांचे खाजगी सचिव. तरुणपणी तिथे चिकटले ते केस पिकले तरी हलले नाहीत.

एकदा संध्याकाळी मी लवकर पोचलो, तर मला आत बसवलं. अर्बाब खुर्चीत डोळे मिटून बसले होते. काका समोर भराभर टाइप करत होते. माझा कहवा संपला, खजूर संपले, पण म्हाताऱ्याने तोंडातून अक्षर काढलं नाही. काकांनी छापलेलं पत्र पुढे ठेवलं. अर्बाबनी ते सावकाश वाचलं, मान डोलावली आणि सही केली.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "काका, ते बोलले कधी?"

"म्हणजे? सगळं सांगितलं की त्यांनी."

"मी समोरच होतो. ते गप्प होते."

"मेल्या, तुझं लक्ष खजुरात!" काका हसले. "अर्बाबही असंच म्हणतात. 'सावंत, मी बोलायच्या आधीच तुला ऐकू येतं.'"

केवढा अभिमान त्यांना त्याचा! माझ्या मात्र अंगावर काटा आला, आणि तो काही एसीमुळे नव्हे.

अर्बाबना आयुष्यात एकच भीती होती. लहानपणी त्यांनी गावातल्या कुणाला तरी जिवंतच पुरल्याची गोष्ट ऐकली होती. इथे माणूस गेला की शक्यतो त्याच दिवशी दफन, उशीर करत नाहीत. डॉक्टरांवर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी काकांकडून शब्द घेतला. "मला मातीत ठेवण्याआधी तू हाक मार. मी आत असलो तर दुसऱ्या कुणाला कळणार नाही, तुला कळेल." काका इन्शाल्ला म्हणाले. लोकांना तो विचित्र प्रश्न विचारायची खोड त्यांना तेव्हापासूनची.

गेल्या उन्हाळ्यात अर्बाब झोपेतच गेले. डॉक्टर येऊन बघून गेले. दुपारी बरकाला, त्यांच्या गावी, दफन ठरलं. काकांना मीच घेऊन गेलो. ऊन असं, की डोळे उघडवेनात. आम्ही दोघे बाजूला उभे होतो. अचानक काका थोरल्या मुलाजवळ गेले आणि हळूच काहीतरी बोलले. मला वाटलं, आता हा चिडणार. पण बापाची भीती त्यालाही ठाऊक असावी. त्याने सगळ्यांना थांबवलं.

काका वाकले. कफनाजवळ कान नेऊन त्यांनी हाक मारली, "अर्बाब."

कोणी हललं नाही. काका वाकलेलेच. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने ते सरळ झाले आणि मुलाकडे बघून म्हणाले, "खलास."

माती पडायला लागली.

आम्ही परत निघालो. बरकाचा मासळी बाजार मागे पडल्यावर काका एकदम म्हणाले, "माका ऐकाक इला रे."

मी गाडी बाजूला घेतली. "काय ऐकू आलं?"

"'सावंत, थांब.' त्यांचाच आवाज."

"काका! मग तुम्ही खलास का म्हणालात?"

"अरे, जन्मभर मी त्यांचं न बोललेलंच ऐकत आलो. हे बोललेलं की न बोललेलं, कसं ओळखू? डॉक्टरने बघितलं होतं. मी कफन सोडायला लावलं असतं आणि आत काहीच नसतं तर? त्यांच्या मयताची विटंबना माझ्या हातून?" ते हमसून हमसून रडायला लागले. "माझा माझ्या कानांवर विश्वास उरला नाही. पण त्यांचा होता रे!"

भास असतो, दुःखात होतो, असं मी बरंच काही सांगितलं. ते लहान मुलासारखी मान हलवत राहिले.

महिन्याभरात त्यांनी सामान बांधलं. विमानतळावर माझा हात घट्ट धरून म्हणाले, "इंजिनियर, एक काम कर. बरकाला गेलास की त्यांच्या कबरीपाशी जरा उभा राहा. तुला असलं काही ऐकू येत नाही, तूच बरा. 'काही नाही', एवढाच फोन कर मला."

साइटच्या कामाने मला वरचेवर बरकाला जावं लागतं. कबरस्तान रस्त्यालाच आहे. ते जवळ आलं की मी काचा वर करतो, गाणी मोठ्याने लावतो आणि गाडी पुढे काढतो. घरी येऊन कुडाळला फोन लावतो, "काका, उभा राहिलो होतो. काही नाही." पलीकडे ते सुटकेचा श्वास टाकतात आणि मला पोटभर आशीर्वाद देतात.

अजून एकदाही मी तिथे उतरलेलो नाही. काही ऐकू येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आलंच, तर त्या माणसाला फोन करून काय सांगू?