पर्यावरणप्रमुखाची यात्रा

माझ्या आईचा नवस मी केळीच्या सालींबरोबर कचऱ्यात टाकला, तोही पर्यावरणाच्या भल्यासाठी.

आमचं इंग्लंडातल्या ब्रॅकनेलचं मराठी मंडळ बर्मिंगहॅमजवळच्या बालाजीला निघालं होतं. पंधरा गाड्यांऐवजी एकच कोच, प्लास्टिकला बंदी आणि ओला कचरा परत आणून माझ्या परसातल्या कंपोस्टमध्ये, हे सगळे नियम माझे. मी पर्यावरणप्रमुख होतो. तसा बिल्लाही गळ्यात होता (तो मीच बनवला होता, आणि पावसाची धास्ती म्हणून ऑफिसात लॅमिनेटही केला होता).

आई नागपूरहून खास या यात्रेसाठी आली होती. आमची सई सातव्या महिन्यात जन्मली आणि पाच आठवडे काचेच्या पेटीत होती, तेव्हा आईनं बालाजीला चांदीचा पाळणा कबूल केला होता. निघताना तो मुठीएवढा पाळणा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दिसला. मी लगेच नियम ऐकवला. ती मुकाट्यानं आत गेली आणि वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन आली.

कोचमध्ये मी सगळ्यांना केळी वाटली आणि साली गुंडाळायला वर्तमानपत्रं दिली. मोटरवेवरच्या थांब्यावर मंडळी चहाला उतरली, आणि मी सीटांवरची सगळी पुडकी भराभर कागदी पोत्यात भरली. कुणी सांगितलं होतं?

देवळाच्या पार्किंगमध्ये आईनं विचारलं, "अरे, माझ्या सीटवरचं पुडकं कुठंय?"

दुपारी देऊळ बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. मी पोतं ओढून काढलं आणि डांबरावर उपडं केलं. चाळीस पुडकी, सगळी एकसारखी! पहिल्यात साल. दुसऱ्यात साल. नवव्यात कुणाचा तरी दहीभात निघाला आणि थेट माझ्या बाहीत गेला. ड्रायव्हरनं फावडं देऊ का म्हणून विचारलं. माझी बायको अनघा घड्याळ बघत दर मिनिटाला किती पुडकी राहिली ते विचारत होती. आई मात्र नुसती सईचं बोट धरून उभी होती. तिनं चारचौघांत झापलं असतं तर बरं वाटलं असतं. मला खरंच रडू येत होतं.

एकतिसावं पुडकं हाताला टणक लागलं. कागदाचा दह्यानं लगदा झाला होता, पण आतला पाळणा कोरडा, लखलखीत. कारण कागदाच्या आत होती तीच प्लास्टिकची पिशवी!

"आई, तुला सांगितलं होतं ना?"

"म्हणून तर वरून कागद लावला. तुझं मन मोडवेना," आई म्हणाली. "आणि ती पिशवी टाकू नकोस. तुझ्या लग्नाच्या साड्यांची आहे, आठ वर्षं वापरतेय."

दार बंद होता होता पाळणा देवापुढे पोचला. परतताना आईनं ती पिशवी धुऊन कोचच्या खिडकीशी वाळत घातली. त्या पिशवीकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं, अख्ख्या यात्रेत नवंकोरं प्लास्टिक एकच होतं, आणि ते माझ्या गळ्यात लटकत होतं.