कानामात्रांनी लिहिलेले चार अर्थ

छापखान्यात त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. मुद्रितं तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. घरीही बायकोनं किराण्याची यादी दिली की ती आधी दुरुस्त व्हायची, मग हे दुकानात जायचे. "अहो, साबण आणा, शुद्धलेखन नको," असं ती बिचारी दर आठवड्याला म्हणायची.

एकदा जनावरांच्या दवाखान्याची पुस्तिका छापायला आली. शेवटच्या पानावर शीर्षक होतं, 'शेतकऱ्यांसाठी शब्दांचे अर्थ'. खाली चार शब्द आणि पुढे नुसती टिंबं. डॉक्टरीणबाई अर्थ लिहायच्या विसरून रजेवर गेल्या होत्या.

"पान कोरं सोडा," मालक म्हणाले.

कानामात्रांना ते झोंबलं. शब्द साधे मराठी, आणि अर्थ आपल्याला येऊ नये? गाय त्यांनी आयुष्यभर निबंधातच पाहिली होती, पण जाडजूड कोश हाताशी होता. प्रत्येक शब्दाचा पहिला अर्थ उचलून त्यांनी ऐटीत लिहून टाकलं. वेत म्हणजे छडी. सड म्हणजे कुजणे. चीक म्हणजे झाडातून गळणारा चिकट रस. चौथा शब्द 'पान्हा'. तो तर त्यांना सरळसरळ अशुद्ध वाटला. त्यांनी पुस्तिकाभर त्याचा 'पाना' केला आणि अर्थ दिला, नट पिळण्याचे हत्यार. आत 'धार काढावी' असंही होतंच. हत्यार म्हटल्यावर धार आलीच, म्हणून त्यांची खात्रीच पटली.

पाचशे प्रती वाटल्या गेल्या. चौथ्या दिवशी सकाळीच दूधवाल्या मावशी रिकामी बरणी घेऊन छापखान्यात शिरल्या.

"हे कुणाचं काम?"

कानामात्रा अभिमानानं पुढे आले. मावशींनी पुस्तिका उघडून खड्या आवाजात वाचलं, "गाईने पाना सोडल्यावरच धार काढावी. मास्तर, माझ्या गाईनं पाना धरलाय कुठे, ते तेवढं दाखवा. आणि शेजारचा भला माणूस सकाळपासून विचारतोय, वासराला चीक पाजायचा तर वडाचा की रुईचा!"

अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार पोट धरून हसले. कानामात्रांचा चेहरा पडला. "कोशात तर..." एवढंच ते पुटपुटले.

"कोश ठेवा बाजूला. चला गोठ्यात."

गोठ्यात मावशींनी गाईच्या कासेवरून हात फिरवला, गाईशी दोन शब्द बोलल्या. थोड्याच वेळात कास टरारून आली आणि दूध आपसूक ठिबकू लागलं.

"हा पान्हा. आणि हे चार सड. धरा एक."

कानामात्रांनी दोन बोटांत धरून हळूच ओढलं, जणू कुणाचा शाईचा पेन उसना घेतायत. थेंब आला नाही. गाईनं मात्र वळून पाहिलं आणि बादली लाथाडली. ते शेणात बसले.

पलीकडची गाय त्याच दुपारी व्यायली. "हिचं तिसरं वेत," मावशी म्हणाल्या, "म्हणजे तिसऱ्यांदा व्यायली. छड्या नाही खाल्ल्या तिनं." वासरू थरथरत उभं राहिलं, कासेला लागलं. पहिलं दूध पिवळंधमक आणि दाट. "हाच चीक. हा वेळेत पोटात गेला तरच वासरू तग धरतं."

कानामात्रांनी कानावरची पेन्सिल काढली. कागद नव्हता, म्हणून सदऱ्याच्या बाहीवर लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मावशी, कुणी खरंच झाडाचा चीक पाजला असता तर?"

"म्हणून तर आले होते तुमच्याकडे."

त्यांनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या स्वखर्चानं छापल्या आणि सहा रविवार खळीची वाटी घेऊन गोठ्यागोठ्यात हिंडले. चिठ्ठी चिकटवायची, माफी मागायची आणि जाता जाता विचारायचं, "आणखी एखादा शब्द?" एका म्हाताऱ्यानं चिठ्ठी लावूच दिली नाही. म्हणाला, "असू द्या हो, आमच्या घरात संध्याकाळी हेच वाचतात." पण समोर बसून त्यानं भाकड, गाभण, कालवड सगळं समजावून सांगितलं.

डॉक्टरीणबाई परतल्या, तेव्हा कानामात्रा राजीनाम्याच्या तयारीनं भेटायला गेले. बाईंनी चिठ्ठी वाचली, मग मूळ पान वाचलं, आणि हसता हसता त्यांचा चष्मा घसरला. गोठ्यागोठ्यातून जमवलेल्या शब्दांची वही पाहून मात्र त्या गंभीर झाल्या. नव्या पुस्तिकेत नव्वद शब्द आले.

पहिल्या पानावर कानामात्रांनी छापलं होतं, 'अर्थ सांगणाऱ्या', आणि पुढे मावशींचं नाव. पहिली प्रत त्यांनी स्वतः गोठ्यात नेऊन दिली. मावशींनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"नाव एवढं बारीक?" त्या म्हणाल्या. "गाईंना वाचता कसं येणार?"