पगारी पैलवानाच्या लग्नासाठी बीड ते युसूफ वडगाव

बैलगाडीत बसायचं माझं वय राहिलेलं नाही, असं मी अक्काला स्पष्ट सांगितलं. तिने धपाट्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि गाडीवानाला निघायला सांगितलं. माझ्या बहुतेक प्रवासांचा निर्णय असाच होतो.

कारण मात्र मोठं होतं. अक्काच्या मुलीची, गोदाची सुपारी फुटून दोन वर्षं झाली होती आणि नवरदेव सोपान युसूफ वडगावच्या तालमीत पगारी पैलवान होऊन अडकला होता. तिकडच्या पाच गावांनी मिळून कुस्त्यांचा हंगामच बांधला आहे. प्रत्येक गावाचा एक पैलवान. त्याचा पगार, म्हैस आणि खुराक गावाकडे. माघापासून चैत्रापर्यंत प्रत्येक जत्रेत हे एकमेकांना भिडतात आणि सरस ठरणाऱ्या गावाकडे वर्षभर निशाण राहतं. शेतसारा निजाम सरकारला भरत असले, तरी ही पाच गावं म्हणजे नकाशात नसलेलं एक राज्यच आहे. त्याचा कायदा तालमीत ठरतो. गावाचा खुराक खाणाऱ्याने लग्न करायचं नाही, कारण लग्नाने ताकद जाते. निशाण जिंकून देणाऱ्याला पुढच्या हंगामातून सुट्टी नाही. शेवटची कुस्ती हरला, तर मात्र मोकळा. सोपान काही हरत नव्हता. दाजींनी आता जाहीर केलं होतं, की यंदाही गडी सुटला नाही तर गोदा धारूरकडच्या बिजवराला द्यायची. त्या गृहस्थांना दात कमी आणि जमीन जास्त होती.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, गाडीचं भाडं निजामाच्या हाली रुपयांत आधीच ठरवून घ्या. वाटेत ठरवलंत तर बैलांची वैरणही तुमच्या माथी. मांजरसुंब्याच्या चढाला गाडीवान खाली उतरवतो. बैलांची दया म्हणून नव्हे. त्याला एकट्याला वर बसून विडी ओढायची असते. नेकनूरला पाणी भरून घ्या. पुढे उन्हात काळी जमीन भेगाळून पडलेली असते आणि विहिरीवरचा माणूस आधी तुमचं गाव विचारतो, मग पोहरा सोडतो. केजच्या धर्मशाळेत जागा मिळते. ढेकणांनाही तिथे आजवर कुणी परत पाठवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडगावला पोचलो. जत्रा भरात होती. रेवड्या, बांगड्या, गरम भजी आणि या सगळ्यांवर बसलेली धूळ. सोपान तालमीत माती उकरत होता. त्याला बाजूला घेऊन मी दाजींचा निरोप सांगितला आणि आज हंगामाच्या शेवटच्या कुस्तीत केजच्या पैलवानाखाली निमूट पडायची सूचना केली. म्हैस विकून खा म्हटल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मामा, या गावाचं दूध पिलोय. पडू कसा? अन् पडलो तर गोदीला काय सांगू? तुझ्यापायी आडवा झालो म्हून?"

नाही पडलास तर ती बिजवराच्या घरी जाईल, असं मी म्हणालो. तो मूठभर माती घेऊन नुसती चोळत बसला. ते मला बघवेना.

आयुष्यात पहिल्यांदाच मी आपल्याच माणसाने पडावं म्हणून देवाची करुणा भाकली. केजवाला भिंतीसारखा होता, त्यामुळे थोडी आशा होती. बराच वेळ दोघं मानेत हात घालून नुसते रेटत राहिले. एकदा सोपानचा गुडघा मातीला टेकला आणि मी उठून उभा राहिलो. पण पुढच्याच क्षणी त्याने केजवाल्याला कमरेवर घेऊन असा फिरवला, की भिंत चीत झाली. हलग्या कडाडल्या, पागोटी उडाली. शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीत धपका घातला.

"काहून रडताव हो? जिंकला की आपला गडी."

आनंदाने, असं सांगून मी डोळे पुसले.

कुस्त्या संपल्या की पाचही गावांची माणसं जिंकलेल्या तालमीत गूळपाण्याला बसतात. पुढच्या हंगामासाठी कुणालाही कुठल्याही पैलवानाला मागणी घालता येते. मागणाऱ्याने त्याच्यापुढे नारळ ठेवायचा. त्याने उचलला की सौदा पक्का. केजच्या कारभाऱ्याने नारळ ठेवून दोन म्हशी कबूल केल्या. सोपान हलला नाही. कारभाऱ्याने बदाम वाढवले, तूप वाढवलं. शेवटी वैतागून त्याने विचारलं, तुला पाहिजे तरी काय?

"लगीन," सोपान म्हणाला.

मग केजचा कारभारी सावकाश म्हणाला, "आमच्याकडं कर की. राहाया घर बी देतो."

सोपानचा हात नारळाकडे निघाला आणि वडगावचे वस्ताद, ज्यांनी पोरांच्या तीन पिढ्यांना लग्नापासून लांब ठेवलं होतं, ते ताडकन उठले. "लगनानं ताकद जाती, हे सांगितलं कुणी?"

सगळे त्यांच्याकडेच पाहू लागले. वस्ताद डगमगले नाहीत. ते कच्च्या पोरांसाठी होतं, म्हणाले. मुरलेल्या गड्याला संसार लई मानवतो, मन एका जागी राहतं. वडगावकरांनी माना डोलावल्या, जणू हे त्यांना पाळण्यापासून ठाऊक होतं. पाच गावांचा कायदा गूळ विरघळायच्या आत बदलला. वस्तादांनी स्वतःच्या हाताने वडगावचा नारळ पुढे सरकवला. सोपानने तो उचलला आणि मी त्या दिवसात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

परतीचा रस्ता तोच होता, पण धक्के कमी बसल्यासारखे वाटले. अक्काने सगळं ऐकलं आणि ओट्यावर बसून पदराने तोंड पुसलं. बिजवराकडे नकार घेऊन कुणाला धाडावं, याच्या विचारात दाजी पडले. माझी कंबर अजून माझ्याशी बोलत नाही. तेवढं सोडलं तर बाकी सगळं हलकं झालं आहे.

दोन वर्षांत लग्नाबद्दल चकार शब्द न काढलेली गोदा पाणी घेऊन आली आणि तांब्या ठेवून तिथेच घुटमळली.

"मामा, लगीन झाल्यावर खुराक कोण करणार?"

"तूच. पहाटे बदाम वाटायचे, दूध आटवायचं, तूप कढवायचं. गावाने ठरवलंय."

तिने क्षणभर विचार केला. पदर खोचला.

"मग पुढल्या सालीबी निशाण आमच्याच गावाला."

आमच्या म्हणजे कुठल्या, हे विचारायची गरज राहिली नव्हती.